जावेची मुलगी इंग्रजी शाळेत गेली

योजनेची बातमी पाड्यावर मीच आणली. मी अंगणवाडी सेविका. बैठकांना डहाणूला जाणं असतं, त्यामुळे असलं काही आधी माझ्या कानावर येतं. सरकार आदिवासी मुलांना पहिलीपासून इंग्रजी माध्यमाच्या खासगी निवासी शाळेत घालणार होतं. फी, कपडे, जेवण सगळं सरकारचं. माझी मुलगी त्याच वर्षी पहिलीला जाणार होती, आणि माझ्या धाकट्या जावेचीही.

कैनाड गावात आमची दोघींची घरं एकाच अंगणात आहेत. जाऊ चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. ती म्हणाली, "एवढ्या लांब कशाला ताई? इथे शाळा आहे ना." मीच तिची समजूत घातली. दोघी बहिणी बरोबर गेल्या तर माझ्या मुलीला सोबत होईल, असा माझा हिशेब होता.

अर्ज जास्त आले म्हणून चिठ्ठ्या काढल्या. जावेच्या मुलीचं नाव निघालं. माझ्या मुलीचं नाही.

जाऊ तिथेच रडायला लागली. तिला मुलीला पाठवायचंच नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, नको असेल तर ती जागा मला दे ना. पण तसं होत नाही. पेटी भरायलाही मीच मदत केली. फ्रॉकच्या घड्या घालताना माझे हात इतके जोरात चालत होते की जाऊ म्हणाली, "हळू, फाटेल."

दिवाळीत ती मुलगी घरी आली तेव्हा पायात काळे बूट, पांढरे मोजे. "गुड मॉर्निंग, मोठी आई," म्हणाली. अख्खा पाडा तिला बघायला जमला. माझ्या मुलीने ते बूट घालून अंगणात एक फेरी मारली, तर मी ओरडलेच, "काढ आधी!"

"तिनेच दिले घालायला," ती म्हणाली. तिला कळेना मी का चिडले. कुणाला सांगणार? सणाचे दिवस होते.

आमची अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारातच आहे. माझी मुलगी त्या शाळेत. पत्रे फुटलेले, पावसात सगळ्या इयत्ता एका कोपऱ्यात सरकायच्या. शिक्षक एकच. मी सरांना म्हटलं, "दुरुस्तीला पैसे का येत नाहीत?"

"अनुदान पटावर असतं, ताई. मुलं जितकी तितकं. जे येतं ते खडू आणि लाइटबिलात जातं. कुणी आश्रमशाळेत जातं, कुणी योजनेतून बाहेर. पट घटतो की अनुदानही घटतं."

ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जाईना. जावेच्या मुलीची फी भरणारं सरकार आणि ही गळकी शाळा चालवणारं सरकार एकच. तिच्यासाठी खासगी संस्थेला पैसे मिळतात, आणि माझी मुलगी भिजलेल्या जमिनीवर बसते. हे फक्त शाळेबद्दल होतं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. एरवी मी तिथे कोपऱ्यात बसते. म्हटलं, "चार मुलांना चांगल्या शाळेत पाठवता, ठीक आहे. बाकीच्यांनी काय करायचं? जी शाळा आपल्या दारात आहे, ती चांगली करायची जबाबदारी कुणाची?" आदिवासी गावांना पेसा कायद्याचा जो निधी येतो त्यातून छप्पर करा, असा ठराव मी मांडला. बायकांनी हात वर केले. बाहेर आल्यावर एक म्हातारी म्हणाली, "सगळ्यांच्या पोरांसाठी बोललीस गं." जावेने तर माझा हात धरून ठेवला होता. तिच्या कौतुकाने मला आणखीच जड झालं.

पंचायतीत पुष्कळ खेटे घालावे लागले, पण छप्पर झालं. फरशी आली, पंखे आले. माझी मुलगी पंख्याखाली बसायची तेव्हा मला बरं वाटायचं. मग घरी येऊन जावेकडे फोनवर आलेले तिच्या मुलीचे फोटो बघायचे आणि ते बरं वाटणं पार संपायचं.

असंच चालू असताना एके दिवशी जाऊ धापा टाकत आली. मुलीच्या शाळेची मान्यता सरकारने काढली होती. वसतिगृह नीट नव्हतं म्हणे. मुलांना दुसऱ्या शाळा मिळेपर्यंत घरी न्यायचं होतं. मी तोंडाने "अरे देवा" म्हटलं. आतून मात्र गार वाटलं.

मुलगी आली ती वाळून. केस बारीक कापलेले. माझी मुलगी तिच्याशी आमच्या घरच्या बोलीत भराभर बोलू लागली, आणि ती उत्तरं वसतिगृहात शिकलेल्या हिंदीत देत होती. बरेच शब्द तिला आठवतच नव्हते. जाऊ ओट्यावर बसून ते नुसतं ऐकत होती. तेवढ्यापुरता माझा मत्सर खाली बसला.

तात्पुरतं म्हणून तिला आमच्याच शाळेत बसवलं. महिन्याभरात ती बोलीत भांडायला लागली. सर तिला सगळ्या वर्गासमोर इंग्रजी वाचायला लावत. मी भांडून घातलेल्या छपराखाली, माझ्या मुलीच्या शेजारी उभी राहून ती खणखणीत वाचायची.

मग नव्या शाळेत जागा असल्याचा फोन आला. मी मुलांना खिचडी वाढत होते. जाऊ दारात उभी राहिली. "ताई, तू सांग. पाठवू का?"

गेली तर पुन्हा दर सुट्टीत तेच बघायचं. राहिली तर माझी मुलगी इथेही मागे. दोन्हीकडून मलाच टोचणार होतं. "मला नको विचारूस," मी म्हटलं.

"मग कुणाला विचारू? फोनवरच्या साहेबांना?" ती उंबऱ्यावरच खाली बसली. मग म्हणाली, "नाही पाठवत. तिकडे सरकार पैसे देतं, पण तिला ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवायला कोण होतं? आता इथली शाळाही बरी झालीय. तुझ्यामुळेच झालीय."

सर खूश झाले, त्यांचा पट वाढला.

परवा शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले होते. त्यांनी इंग्रजी कोण वाचतं विचारलं, आणि अर्थातच जावेची मुलगी उठली. मी अंगणवाडीच्या दारातून बघत होते. वाचून झालं तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या माझ्या मुलीने. तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. मी आत वळले आणि पोरांच्या ताटल्या उचलायला लागले.