कुठं येतोय वास?

मुलीचं नाव पुण्याच्या विद्यापीठाच्या यादीत लागलं तेव्हा ती आणि तिची आई एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मीही हसलो. पेढे आणायला रिक्षा करून बोईसर स्टेशनपर्यंत गेलो. पण दुकानदार पेढे तोलत होता तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आता ठरवावं लागणार.

संख्याशास्त्राच्या एमएस्सीची जागा होती आणि शुक्रवारपर्यंत प्रवेश पक्का करायचा होता. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव फार मागं होतं. ते वर आलं असतं तरी तिला एकटीला ठेवता आलं नसतं. अकरावीपासून तिला दमा आहे. दम लागला की तिला पाठीमागून धरून बसवावं लागतं, पंप हातात द्यावा लागतो, आणि श्वास जागेवर येईपर्यंत कुणीतरी जवळ असावं लागतं. ते काम तिची आई करते. मी कंपनीत पाळीवर असतो, किंवा पाळीवरून येऊन झोपलेला असतो.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "तिघंबी जाऊ. विद्यापीठाजवळ दोन खोल्या भाड्यानं बघू. हे घर भाड्यानं देऊ. तुमी तिथं काय पण काम बघा."

'काय पण काम' म्हणायला सोपं आहे. मी एकोणपन्नास वर्षांचा. बावीस वर्षं एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर, तोही कायम. मला व्हॉल्व्ह कळतात, तापमान कळतं, कुठल्या पाइपातून काय जातं ते कळतं. पुण्यात हे कोण विचारणार? कंपन्यांना लागून असलेल्या सरावलीतलं हे घर मी स्वतः निवडून घेतलं होतं, पाळीची बस कोपऱ्यावर थांबते म्हणून. बायकोला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. "इथं वास येतो," ती म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "होईल सवय."

पालघरच्या डॉक्टरांनी मुलगी बारावीत असतानाच सांगितलं होतं, "हिला इथून हलवा." बाहेर आल्यावर मी बायकोला म्हणालो होतो, "डॉक्टर लोक सगळ्यांनाच असं सांगतात." त्यानंतर मुलीनं इथंच पदवी घेतली, पालघरच्या कॉलेजात. तिन्ही वर्षं परीक्षेच्या आधी ती आजारी पडली.

सोमवारी आईला सांगायला गावी गेलो. आमचं गाव किनाऱ्यावर आहे, सरावलीहून रिक्षानं जवळच. आई एकटी राहते. उन्हाळ्यात मासळी सुकवते आणि पावसाळ्यात, होड्या बंद असतात तेव्हा, बोईसरच्या बाजारात बसून विकते. सगळं ऐकून घेऊन ती आत गेली आणि एक गच्च बांधलेली पिशवी घेऊन आली.

"हे बोंबील हायत. मोठे मोठे बघून ठेवले व्हते. घरवालीला दे."

"कुठल्या घरवालीला?"

"जिच्या घरात ऱ्हावाला जाता तिला. ज्याच्या छपराखाली जावाचा, त्याच्याकडं मोकल्या हातान जाव नाय."

आमच्यात तशी रीतच आहे. नवीन जागी जाताना, कुणाचा आसरा घेताना, मासळी घेऊन जायचं. माझे वडील दुसऱ्याच्या होडीवर पहिल्यांदा कामाला गेले तेव्हाही आजीनं त्या घरी असंच काही दिलं होतं म्हणतात. मी पिशवी घेतली. त्यात वावगं काही असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

मंगळवारी रजा टाकून मी मुलीला घेऊन पुण्याला निघालो. आता एक गोष्ट कबूल करतो, जी तिच्या आईलाही सांगितलेली नाही. घर मिळू नये अशी माझी इच्छा होती. भाडं परवडू नये, जागा अंधारी निघावी, वर चढायला चार जिने असावेत, काहीही व्हावं. म्हणजे परत येऊन मला सांगता येईल की प्रयत्न केला, जमलं नाही.

पालघरहून एसटी होती. मनोरला हायवेला लागेपर्यंत आमच्या पुढच्या सीटवरची बाई उठून मागं जाऊन बसली. मला वाटलं, खिडकीतून पावसाचे थेंब येत असतील. मुलगी नाकावर ओढणी धरून बसली होती. तिला डिझेलचा धूर सोसत नाही, तसंच असेल म्हणून मी खिडकी थोडी उघडली. पिशवी माझ्या पायाशी होती.

विद्यापीठाजवळची ती वस्ती मी पहिल्यांदाच बघत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी मोठी झाडं. कोपऱ्यावर झेरॉक्सची दुकानं, तीन-तीन मशीन चालू. भिंतींवर पाट्या, घरगुती डबे मिळतील, अभ्यासिकेत जागा उपलब्ध, फक्त मुलींसाठी. तिच्या वयाच्या मुली पाठीला सॅक लावून एकट्या चालल्या होत्या, कुणाला घाई नव्हती. मुलगी सगळं बघत होती. तिचं बघणं मला बघवत नव्हतं.

एजंट तरुण होता, स्कूटरवर टेकून उभा. त्याला मी पहिला प्रश्न विचारला, "इथं वारा कुठल्या बाजूनं येतो?"

"काका, फुल क्रॉस व्हेंटिलेशन आहे."

"तसं नाही. वाऱ्याच्या बाजूला कारखाना कुठला हाय?"

तो हसायला लागला. "काका, इथे एकच कारखाना. पदव्यांचा. धूर नाही, नुसती पोरं बाहेर पडतात."

मुलगीही हसली. मला हसू आलं नाही. आमच्याकडे खोली घेताना माणूस हेच विचारतो.

घर पहिल्या मजल्यावर होतं. मालकीणबाई खालीच राहायच्या, सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्म्याला साखळी. बोलणं अगदी मऊ. जागा स्वच्छ होती. दोन खोल्या, मागे छोटी गॅलरी आणि गॅलरीसमोर आंब्याचं झाड. मुलगी त्या गॅलरीत उभी राहिली आणि तिनं छाती भरून श्वास घेतला. तिथं नाकारण्यासारखं मला काहीच सापडेना.

खाली येऊन आम्ही बाईंच्या हॉलमध्ये बसलो. त्यांनी मुलीला विषय विचारला, मार्क विचारले, आणि म्हणाल्या, "हुशार आहेस गं. आमच्याकडे नेहमी विद्यापीठाचीच मुलं असतात." मग त्या थोड्या थांबल्या. आजूबाजूला बघितलं. आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी यजमानांना हाक मारली, "अहो, जिन्याखाली उंदीर मेलाय का बघता जरा?"

मुलीनं मान खाली घातली. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी पिशवी उचलली, गाठ सोडली आणि बोंबलांचं पुडकं त्यांच्या टीपॉयवर ठेवलं.

"आईनं तुमच्यासाठी दिलंय," मी म्हणालो. "आमच्याकडची रीत हाय."

बाई उठून उभ्या राहिल्या. पदर नाकाशी गेला. पदराआडूनही त्या नीटच बोलल्या, तेही सांगितलं पाहिजे. "अहो, तुमच्या आईंच्या भावना समजतात हो मला. पण आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. आणि तुम्ही हे, अगदी हॉलमध्ये…" पुढं त्यांना बोलवेना. यजमान आतून आले, दारातच थबकले, आणि त्यांनी पंखा लावला.

मी पुडकं परत पिशवीत टाकून बाहेर पडलो. एजंट मागोमाग येऊन म्हणाला, "काका, काय हे! पावसाळ्यात सुकी मासळी? मला गेटपासून येत होता, मी म्हटलं गटार असेल."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. घर गेलं होतं, आणि मी ते घालवलं नव्हतं, निदान ठरवून तरी नाही. रस्ता ओलांडून विद्यापीठाच्या बाजूला बसथांब्यावर येईपर्यंत घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवूनही टाकलं होतं.

थांब्यावरच्या बाकावर बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमाला खरंच आला नाय?"

"काय?"

"वास. बसमधनं ती बाई उठून गेली. मी मनोरपासून नाक धरून बसले होते. वाटलं, आजीनं प्रेमानं दिलंय, तुमीच बांधून घेतलंय, आता काय बोलू. तुमी ते उघडून टेबलावर ठेवलं, तरीपण नाय आला?"

"नाय."

"जराबी नाय?"

"नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोरगी संख्याशास्त्राची आहे, एकाला एक जोडायला तिला वेळ लागत नाही. मला दिसत होतं की ती पुण्यातून निघून सरावलीच्या आमच्या घरात पोचली आहे.

"मग घरी मी खिडकी लावा म्हणायची," ती म्हणाली, "तेव्हा तुमी म्हणायचे, कुठं येतोय वास. आई म्हणायची आज जास्त हाय, तर तिला म्हणायचे तुझ्या मनाचे खेळ हायत. ते कशावरनं म्हणायचे?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. इथं देतो.

सहा-सात वर्षांपूर्वी प्लँटमध्ये एका जोडणीतून गळती झाली होती. मी अगदी शेजारी उभा राहून वहीत रीडिंग लिहीत होतो. माझ्या बरोबरच्या बिहारी ऑपरेटरनं मला कॉलर धरून मागं ओढलं. "अरे भैया, मरना है क्या? नाक है कि नहीं?" मी म्हणालो, "जुकाम है." तो म्हणाला, "कैसा जुकाम है तेरा, आँख से पानी आ रहा है और नाक को पता नहीं." आम्ही दोघं हसलो. त्या दिवशी घरी येऊन मी अत्तराची बाटली नाकाशी धरली. मग रॉकेल. मग लसूण. काही नाही. सर्दी नव्हती हे मला त्याच दिवशी कळलं.

हे कंपनीचा दोष दाखवायला लिहीत नाही. कंपनीला मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मला प्लँटवरून काढून गोदामात बसवलं असतं, आणि माझ्या बरोबरीच्या माणसांत मी नाक गेलेला म्हणून ओळखला गेलो असतो. पण ते कारणही वरवरचं आहे. खरं असं की, मला वास येत नाही हे कबूल केलं असतं, तर घरातल्या दोघींना तो येतो हेही कबूल करावं लागलं असतं. मग घर सोडावं लागलं असतं. त्यापेक्षा 'कुठं येतोय वास' म्हणणं सोपं होतं. म्हणता म्हणता मला ते खरंही वाटायला लागलं होतं.

बाकावर मी मुलीला इतकंच म्हणालो, "माझं नाक गेलंय. बरीच वर्षं झाली."

"किती?"

"तू बारावीत नव्हतीस अजून."

ती रडली नाही. रागावलीही नाही. तिनं आपली सॅक उचलली आणि थांब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी मधली एक सीट सोडून.

घरी तिनंच आईला सगळं सांगितलं, मी चपला काढत असताना. मी शिव्यांची वाट बघत होतो. बायको म्हणाली, "मला वेडी ठरवली ना तुमी. मी खरंच मानायला लागले होते, माझ्याच डोक्यात काय तरी झालंय." मग ती उठून कपाटाच्या वरची बॅग काढायला लागली. "आमी दोघी चाललो. तुमी यायचं का नाय ते तुमचं तुमी ठरवा. आता तुमाला विचारून काय करायचं नाय."

इतके दिवस मी समजत होतो की निर्णय माझ्या हातात आहे.

गुरुवारी दोघी पुण्याला गेल्या आणि शुक्रवारी प्रवेश झाला. आंब्याच्या झाडाच्या त्या वस्तीत नाही, विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या बैठ्या चाळीत एक खोली मिळाली. मालक रिक्षा चालवतो. तो स्वतः मासे खातो. त्यानं काही विचारलं नाही. आईला मी सांगितलं की घरवालीला बोंबील फार आवडले. ती खूश झाली आणि म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात जास्त ठेवीन. खोटं बोलायची सवय अशी लवकर जात नाही.

मी अजून सरावलीतच आहे. खोलीचं भाडं माझ्या पगारातूनच जातं, म्हणून राहिलोय, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण राजीनाम्याचा कागद तीनदा लिहून तीनदा फाडलाय, त्याला भाडं हे कारण नाही. त्या एका खोलीत त्या दोघींसमोर रोज बसायचं, याची मला भीती वाटते.

काल दुपारी, पाळीला निघण्याआधी, बायकोचा फोन आला. तिचा आवाज वेगळा होता. म्हणाली, "आज बाविसावा दिवस. पोरीनं पंपाला हात नाय लावला. रोज चालत जाते, चालत येते. काल तर मैत्रिणींबरोबर टेकडी चढून आली."

दोघी गेल्यापासून मी मनातल्या मनात रोज एकच गोष्ट मागत होतो, की तिला तिथंही एखादा दिवस दम लागावा. फार नाही, थोडासा. म्हणजे मला म्हणता आलं असतं की तो तिच्या अंगातच होता. बापानं आपल्या मुलीसाठी हे मागितलं, आणि तेही मिळालं नाही.

"ऐकता ना?" ती म्हणाली.

"ऐकतोय."

"मग बोला की काय तरी."

कोपऱ्यावर पाळीची बस आली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी तिला म्हणालो, "मला सहा वर्षं माहीत होतं." तिला वाटलं मी मुलीच्या बरं होण्याबद्दल बोलतोय. ती म्हणाली, "काय माहीत होतं?" मी पुन्हा सांगितलं, आता पूर्ण, गळतीचं, अत्तराच्या बाटलीचं, दोघींना वास येतो हे कळूनही नाही म्हणत राहिल्याचं, आणि मनात जे मागत होतो तेही. बस निघून गेली. फोन चालू होता, तिच्या बाजूला कुणीतरी नळाखाली भांडी घासत होतं, तो आवाज येत राहिला.