विसाव्या तारखेची भाकरी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी हुबळीत, उणकलच्या घरी दाढी करत होतो. "मिलिंदा, अण्णा गेले रे," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो, "येतो" म्हणालो, आणि फोन ठेवून उरलेल्या गालाची दाढी पूर्ण केली. धारवाडच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, याचं बरंही वाटलं. त्या सकाळचं एवढंच आठवतं. आता काही आठवडे होऊन गेले, अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, अण्णाच्या तालमीत वाढलास म्हणून धीराचा आहेस. मला ते ऐकवत नाही. का ऐकवत नाही, ते कुठंतरी सांगायला हवं म्हणून लिहितो आहे.

गौतमअण्णा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. काका हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात होते. घर बौद्ध, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांकडे हौसेनं लॅटिन शिकायला जाऊ लागला. त्यांच्याच कपाटात त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचं एक रोमन काव्य सापडलं. जग बारीक कणांचं बनलेलं आहे, देवाच्या कोपाला आणि मरणाला भ्यायचं कारण नाही, असं सांगणारं. पाद्रीसाहेब हसून म्हणायचे, "पुस्तक माझं, पाप तुझं." अण्णानं ते पाप जन्मभर सांभाळलं.

त्या कवीचा गुरू ग्रीक होता आणि आपल्या बागेत शाळा भरवायचा. त्याचे अनुयायी, एपिक्युरियन, म्हणजे खाऊनपिऊन चैन करणारे, असं कुणी म्हटलं की अण्णा वैतागायचा. "अरे, ते भाकरी-पाण्यावर राहणारे लोक. जेवताना मित्र समोर असला की त्यांची चैन झाली." पण त्याला धरून ठेवलं होतं वेगळ्याच गोष्टीनं. त्या बागेत बायका बसत, गुलामही बसत. "आपल्याला आत घेतलं असतं त्यांनी," असं तो म्हणायचा. काका मात्र चिडवायचे, "आपल्याकडे बुद्ध असताना तुला हा परका कशाला पाहिजे?" अण्णा म्हणायचा, "अप्पा, दोघं एका गल्लीत राहिले असते तर रोज भांडले असते. पण जेवले एकत्र असते."

धारवाडच्या कडेला, केलगेरीला घर बांधल्यावर त्यानं मागच्या अंगणात एक पेरू लावला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. त्या ग्रीक गुरूनं म्हणे मरताना सांगून ठेवलं होतं की दर महिन्याच्या विसाव्या तारखेला मित्रांनी एकत्र जमावं. अण्णानं ती रीत उचलली. ज्यानं त्यानं आपल्या घरची भाकरी आणायची, कालवण वहिनीचं, आणि शेवटी एक धारवाडी पेढा सगळ्यांत वाटून खायचा. अख्खा कुणालाच नाही. शेजारचे बसण्णा, शाळेतून निवृत्त झालेले कन्नडचे मास्तर, पहिल्या दिवसापासून यायचे. "हे कसलं री सुखाचं तत्त्वज्ञान," ते कुरकुरायचे, "पेढा दिसतो, पण दाताला लागत नाही."

जेवण झालं की खेळ. अण्णा भित्रा माणूस व्हायचा आणि आम्ही त्याची भीती घालवायची. "मला भीती वाटते," तो सुरू करायचा. "मेल्यावर अंधार असेल. एकटं वाटेल." आम्ही म्हणायचो, तू जन्मायच्या आधी हे केलगेरीचं तळं होतंच की, तेव्हा तुला एकटं वाटत होतं का? मग नंतरच तेवढं कसं वाटेल? तो पुन्हा शंका काढायचा, आम्ही पुन्हा उत्तर द्यायचो. पटलं की म्हणायचा, "पास." सोंग इतकं खरं वठवायचा की नवा आलेला माणूस घाबरून त्याच्यासाठी पाणी आणायला उठायचा आणि आम्ही हसायचो. मरणावर हसायला मी त्या अंगणात शिकलो. आमच्या घरात तोवर मरणाचं नावही कुणी घेत नसे.

शेवटच्या आजारात त्यानं दवाखान्यात राहायला नकार दिला. खाट मागच्या खोलीत आणली होती. एका संध्याकाळी मी ऑफिस सुटल्यावर गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होती. अण्णानं डोळे उघडले आणि म्हणाला, "मिलिंदा, भीती वाटते रे."

मला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला. वाटलं, अण्णा शुद्धीवर आहे, खेळतो आहे. मी सरसावून बसलो आणि शिकलेलं सगळं म्हणून दाखवलं. तळं, जन्माआधीचा काळ, कण. एवढं नीट मी आधी कधी बोललो नव्हतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाला. "पास." मग म्हणाला, "थांब की जरा." मी म्हणालो, "उद्या येतो अण्णा, घरी पोचायला उशीर होईल." त्यानं मान हलवली. सकाळी वहिनीचा फोन आला.

तो खेळत होता की खरंच भ्याला होता? मी वहिनीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "मला काय माहीत," ती म्हणाली. "तुम्हा लोकांचं ते चालायचं. मला कुणी कधी पास केलं नाही." चिडून म्हणाली नाही. तांदूळ निवडत राहिली.

त्यानंतरच्या विसाव्या तारखेला आम्ही जमलो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, ज्यानं त्यानं भाकरी आणली होती. जेवण झालं. मग बसण्णा म्हणाले, "आज भित्रा कोण होणार री?"

"मी होतो," मी म्हणालो.

"हं, सांगा."

"बसण्णा, मला भीती वाटते."

पुढचं वाक्य मला सुचेना. बसण्णांनी थोडी वाट पाहिली, घसा साफ केला आणि कन्नडमधून उत्तर द्यायला सुरुवात केली. सावकाश, वर्गात शिकवावं तसं. सगळं बरोबर होतं, कुठं काही राहिलं नाही. माझी भीती त्यानं तसूभर हलली नाही. पण त्यांचा आवाज चालू असेपर्यंत तो ऐकत राहावा असं वाटत होतं, आणि संपत आला तेव्हा संपू नये असं वाटलं. अण्णालाही तसंच वाटलं असेल का, कोण जाणे.

उत्तर संपलं. वहिनीनं ताटं उचलली, बाकीचे एकेक करून गेले. बसण्णा माझ्याजवळच बसून होते. त्यांचं घर भिंतीपलीकडे, जायला कितीसा वेळ लागतो. तरी ते उठले नाहीत.

त्या संध्याकाळी मी उत्तर देऊन उठलो होतो.