गच्चीवरून उतरल्यावर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ब्रॉडबँड जोडायला आलेला तो माणूस चाळिशीचा असेल. मी सेक्रेटरी, गच्च्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून त्याच्यासोबत वर गेलो. शेजारच्या इमारतीवरून आमच्या गच्चीवर केबल ओढायची होती. कठड्याशी जाण्याआधी तो दर वेळी हाताने कठडा हलवून बघायचा. बोलणं जवळजवळ नाहीच.

काम झाल्यावर आम्ही खाली आलो. त्याने लगेच मोबाईल काढला, एक नंबर लावला, दोनदा रिंग होऊ दिली आणि फोन बंद केला.

"कुणी उचलत नाही का?" मी विचारलं.

"उचलायचा नाही असंच ठरलंय, काका. आईला लावला होता. रिंग वाजली की तिला कळतं, मी खाली उतरलो."

पक्कड पिशवीत टाकत तो म्हणाला, "धाकटा भाऊपण हेच काम करायचा. गच्चीवरून पडला. कुणीतरी त्याच्याच मोबाईलवरून घरी कळवलं. त्याचा नंबर बघून आईने हसत फोन उचलला होता. तेव्हापासून ती कुणाचाच फोन उचलत नाही."

मी "चहा घेता का?" एवढंच विचारलं.

"नको. बी विंगची गच्ची राहिलीय."

मी किल्ली दिली. घरातून नातवाने नेट सुरू झाल्याचं ओरडून सांगितलं. मी मात्र तो उतरेपर्यंत खालीच, मान वर करून उभा राहिलो.