डॉसच्या फ्लॉपीला कुंकू

खरं सांगते, मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची धाकटी कम्प्युटर शिकली हाय बरं." म्हणजे मी काय गोवऱ्या थापायला शिकले होते? तिच्या आधी मीच सीताबर्डीवर क्लास केला होता, लेकीला सासूबाईंजवळ झोपवून, भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून. फरक एवढाच की मी झेनिक्स शिकले आणि ती डॉस.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. इतवारीत आमचं मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. सावनेर, कळमेश्वरकडचे शेतकरी यायचे, आणि कोणतं बेअरिंग कुठल्या फळीवर आहे हे फक्त सासऱ्यांना ठाऊक. त्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो. गुडघ्यांनी त्यांना शिडी चढू देणं बंद केलं, तेव्हा त्यांनी कम्प्युटरचं मनावर घेतलं. विकणाऱ्या माणसाने समजावून सांगितलं, नुसतं मशीन म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात आधी सिस्टीम टाकावी लागते, डॉस नाहीतर झेनिक्स. कोणती टाकू?

बाबूजींना त्यातलं ओ का ठो कळलं नाही. आम्हा दोघींना मात्र चांगलं कळलं. जिची सिस्टीम, तिची दुकानातली खुर्ची. दुसरीने घरी पोळ्या लाटायच्या.

मी बाबूजींना झेनिक्सचे गुण सांगितले. मजबूत आहे, धंदा वाढला तरी पुरेल, एकाच मशीनवर पुढे दोघं-तिघं काम करू शकतील. धाकटी काय म्हणाली? "बाबूजी, डॉस सोपं आहे." बस, एवढंच. वरून गोड हसली. बाबूजी म्हणाले, "सोपं हाय तं सोपंच घेऊ ना मा. उगाच डोक्याले ताप कायले?" त्या दिवशी मी वरणात मीठ दोनदा टाकलं. कोणी विचारलं असतं, तर भांडायला तयारच होते.

मशीन आलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे दुकानातलं सगळं हत्यार पुजायचं, पाने, पक्कड, तराजू, सगळं. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. म्हणून सिस्टीम दुसऱ्या दिवशी टाकायची ठरली. तोपर्यंत डॉसच्या फ्लॉप्या पाटावर मशीनशेजारी ठेवल्या. धाकटीने कौतुकाने त्यांची कागदी पाकिटंही काढून ठेवली, देवीपुढे झाकलेलं कसं ठेवायचं म्हणून. सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं, आणि मग फ्लॉपीला. त्या काळच्या फ्लॉपीला एक लांबट खिडकी असायची, आतली तपकिरी चकती त्यातून दिसायची. तेच हिचं तोंड, असं समजून सासूबाईंनी नेमकं तिथेच ओलं कुंकू भरलं. वरून अक्षता.

दुसऱ्या दिवशी धाकटी नवी साडी नेसून खुर्चीवर बसली. फ्लॉपी पदराने पुसली आणि आत सारली. आतून कर्र कर्र असा आवाज आला. पडद्यावर काहीच नाही. पुन्हा सारली, पुन्हा कर्र. तिचा चेहरा उतरला, आणि माझ्या जिवाला असं गारगार वाटलं म्हणून सांगू!

विकणाऱ्या माणसाने आतलं कुंकू स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढलं. "काही बिघडलं नाही, माताजी. सायंकाळी दुसरी कॉपी आणून देतो."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "दसऱ्याची पूजा जिले पचली नाही, ते माह्या घरात नाही पाहिजे. ते मोठीचं हाय ना दुसरं, तेच टाका."

बाबूजींनी, त्यांच्या दोन्ही मुलांनी, सगळ्यांनी समजावलं. सासूबाई हलल्या नाहीत. संध्याकाळी झेनिक्स आलं आणि खुर्चीवर मी बसले. धाकटी मागे उभी होती. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

आता ऐका पुढचं. दुकानात तिचं काही काम उरलं नाही, म्हणून तिने धरमपेठच्या एका क्लासमध्ये शिकवायला जाण्याची परवानगी मागितली. बाबूजी म्हणाले, जा. आणि बघता बघता गावात जो तो डॉसच घ्यायला लागला. हिला सकाळी एक क्लास, दुपारी दुसरा. खांद्याला पर्स, बुडाखाली लुना, ओठावर लिपस्टिक. मला मात्र झेनिक्सबद्दल विचारायला गावातून कोणीसुद्धा आलं नाही. मी बाबूजींना म्हटलं, मीही कुठे नोकरी पाहते. ते चपापलेच. "काहून वं? तू गेली तं हे कोण चालवन? आमच्या कोणाले येते हे?"

एका संध्याकाळी धाकटी दुकानात आली, हेल्मेटबिल्मेट काही नाही, केस वाऱ्याने विस्कटलेले. माझ्या शेजारी स्टूल ओढून म्हणाली, "ताई, मी शिकवू का तुम्हाले डॉस? फार सोपं आहे." मनापासून म्हणाली, हीच तर पंचाईत. टोमणा मारला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. "मले टाईम नाही," मी म्हटलं, आणि वॉशरची संख्या उगाच पुन्हा टाइप केली.

पुढचा दसरा आला. सासूबाई करंडा घेऊन मशीनपुढे उभ्या राहिल्या. धाकटी घाईत होती, नमस्कार करून निघून गेली, बाहेर लुना सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी फ्लॉपी घालायच्या फटीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "सासूबाई, इथं लावा कुंकू. चांगलं ओलं करून लावा."

"पागल झाली का वं?" सासूबाई म्हणाल्या. "मागच्या साली एवढं रामायण झालं ना!"

त्यांनी मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घातलं, आणि दुरूनच एक झेंडूचं फूल वाहिलं.