दस्तगीरची कंबर

“हिप! हिप!” साहेब जीव तोडून ओरडले.

“हुर्रे!” मैदानावरच्या झाडून सगळ्या पोरांनी उत्तर दिलं. बॅट घेऊन उभ्या असलेल्या दस्तगीरला वाटलं, हा आपलाच जयजयकार. त्यानं हात उंच करून सगळ्यांना सलाम केला. तेवढ्यात बॉल त्याच्या पोटासमोरून निघून गेला.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

“मास्तर,” ते मला म्हणाले, “ही बालके हर्ष का व्यक्त करीत आहेत?”

“साहेब, तुम्हीच हिप हिप म्हणालात.”

“मी त्यास कंबर फिरव असे सांगत आहे! हिप म्हणजे कंबर!”

आमच्या पोरांना एकच हिप ठाऊक होता, विलायतेच्या बादशहाच्या वाढदिवसाला परेडच्या शेवटी ओरडतात तो. मलाही तोच ठाऊक होता. मी शाळेचा ड्रिलमास्तर असल्यामुळे हुर्रे सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो. साहेब इतके दिवस आमचं कौतुक करत नव्हते, कपाळ बडवून घेत होते, हे त्या दिवशी कळलं.

साहेब आमचे हेडमास्तर. मूळचे अमेरिकेचे, मराठी शिकले पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडे. त्यामुळे रागावले तरी कीर्तनाला उभे राहिल्यासारखे बोलायचे.

खेळ कोणता, ते आधी सांगतो. आता याला सॉफ्टबॉल म्हणतात. कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात तेव्हा हे नाव कोणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं. साहेबांच्या मुलखात बर्फ पडलं की हा खेळ मोठ्या हॉलमध्ये खेळत, म्हणून ते याला ‘इनडोअर’ म्हणायचे. आम्ही तो भर उन्हात, बाभळीच्या कुंपणात खेळायचो आणि आम्हीही इनडोअरच म्हणायचो. बॉल कवठाएवढा, पण मऊ. पिचर तो हात खालून फिरवून टाकतो. मैदानात चार ठिकाणी भुशानं भरलेली पोती, त्यांना बेस म्हणायचं. बॉल मारून पळत सुटायचं आणि एकेक बेस शिवत सुरुवातीच्या जागी परत आलं की एक रन. टीम माझ्या गळ्यात पडली ती मला खेळ येत होता म्हणून नव्हे. शाळेत शिट्टी माझ्याकडे होती म्हणून.

दस्तगीर शिकलगार हा जवळच्या उचगावचा. घरी विळ्या-सुऱ्यांना धार लावायचा धंदा. पोरगा अंगानं आडवा, मनगट माझ्या पोटरीएवढं. कोल्हापुरात त्या काळी असा पोरगा दिसला की लोक त्याचं नाव विचारत नसत, तालीम विचारत. दस्तगीरही तालमीत जायचा. त्याचे वस्ताद म्हणजे त्याला आणि त्याच्या बापालाही ब्रह्मवाक्य.

असला दांडगा पोरगा, पण बॉल मारला की तो बॉल मांजरासारखा पिचरच्या पायाशी जाऊन बसायचा. त्याच्या निम्म्या वजनाचा आमचा ब्राह्मण पिचरसुद्धा त्याच्यापेक्षा लांब मारायचा.

“मास्तर, म्या जोर लावतोय की,” दस्तगीर रडकुंडीला येऊन म्हणायचा. “अंगातला समदा जोर लावतोय. बॉलच जाईना झालाय.”

“बॉलला कळत नसेल तू पैलवान आहेस ते,” मी म्हणायचो. चेष्टा करायला मी कायम तयार. पण आतून मलाही उलगडा होत नव्हता.

अशात एक दिवस वस्ताद शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा, तोंडात पान, आवाज असा की वर्गातली पोरं आपोआप उभी राहिली.

“मास्तर, माझ्या पोराला काठी देऊन नासीवलाईसा तुमी.”

“वस्ताद, खेळ आहे तो.”

“ख्योळ? मग कायतरी येतंय का त्येला त्यातलं? उचगावात लोक मला इचारत्यात, तुमचा पैलवान चेंडूबी हाणंना व्हय म्हणून. लाज काडली की!” पान दुसऱ्या गालात गेलं. “मिरजेची टीम येणार हाय म्हणं. म्या येतो बगाय. त्या दिशी हाणलं तर ऱ्हाऊ द्या शाळंत. न्हाय हाणलं, तर शाळा बंद. सकाळ-संध्याकाळ माझ्या मातीत.”

दस्तगीर माझ्या मागंच उभा होता. त्याला मॅट्रिक होऊन रेल्वेत गार्ड व्हायचं होतं. स्टेशनावर गाडी यायची तेव्हा तो धावत जाऊन गार्डाचा हिरवा बावटा बघायचा आणि दिवसभर त्याच्याबद्दल बोलायचा. वस्ताद गेल्यावर त्यानं बॅट उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवली, एवढंच. मला फार वाईट वाटलं. चेष्टा करण्याचं धाडस त्या दिवशी माझ्या जिभेलाही झालं नाही.

आता काम सुरू झालं. आधी मी त्याची पकड तपासली. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटलेल्या, ठीक. बॅट जड होते का पाहिलं. रोज मुदगल फिरवणाऱ्याला बॅट जड कसली व्हायची? नजर बॉलवर आहे का पाहिलं. होती. मग मी ओरडण्याचा कार्यक्रम केला. त्यानं माझा घसा बसला, त्याची बॅट तिथंच राहिली.

शेवटी मी त्याच्याकडे बघायचं सोडून तो उभा राहतो त्या मातीकडे बघितलं. आमच्या पिचरनं बॉल मारला की त्याच्या मागच्या पायाखालची माती भोवऱ्यासारखी घासलेली असायची. पाय चवड्यावर फिरायचा, त्याचे ते वळ. दस्तगीरच्या पायाखाली मात्र दोन स्वच्छ पावलं. टाचेसकट, पाच बोटांसकट. लक्ष्मीच्या पावलांसारखी काढून ठेवलेली.

म्हणजे पोरगा मुळातच हलत नव्हता. बॅट फिरवताना जोर जमिनीतून येतो. आधी मागचा पाय वळतो, त्याच्या मागून कंबर, कंबरेमागून खांदा, आणि हात सगळ्यांत शेवटी. हात म्हणजे वरातीतला नवरा, बँडवाले पुढं गेल्याशिवाय त्यानं निघायचं नसतं. दस्तगीरचा नवरा एकटाच धावत सुटत होता. साहेब हिप हिप म्हणत होते ते याचसाठी.

“पाय का फिरवत नाहीस रे?”

“पाय हालला की पडलास, आसं वस्ताद म्हंत्यात.”

घ्या! लहानपणापासून जे कानात ओतलंय ते मी एका शिट्टीनं कसं काढणार? तरी “टाच फिरव, टाच फिरव” करून पाहिलं. तो टाचेकडे बघत टाच फिरवायचा आणि बॉल डोक्याच्या उंचीवरून निघून जायचा. साहेब म्हणाले, “मुला, पावलांचे विस्मरण होऊ दे.” त्यानं विस्मरण होऊ दिलं आणि पावलं पुन्हा जमिनीत रुतली.

मग मी त्याची तालीम गाठली. वस्तादांची समजूत घालावी, आणखी थोडे दिवस मागून घ्यावेत, एवढाच विचार. वस्तादांनी मला कट्ट्यावर बसवलं, कपभर दूध दिलं आणि माझं काही ऐकून न घेता पोरांवर खेकसत राहिले. खाली तांबड्या मातीत दस्तगीर एका थोराड गड्याशी झोंबत होता. बघता बघता त्यानं त्या गड्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांत पकडला, गर्रकन वळला, त्याला कंबरेवर घेतला आणि खांद्यावरून समोर आपटला. धोबी दगडावर धुणं आपटतो तसा. या डावाला धोबीपछाड म्हणतात.

माझ्या हातातलं दूध सांडलं. दोन हातांत एक हात. मागचा पाय वळला, मग कंबर, मग पाठ, आणि हात शेवटी. पाय हलला की पडलास म्हणणारा पोरगा चवड्यावर लट्टूसारखा फिरला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी वस्तादांची रजाही न घेता उठलो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याला म्हटलं, “दस्तगीर, ती बॅट नाही. समोरच्या गड्याचा हात आहे. बॉल जवळ आला की धोबी मार.”

“बॅटीला?”

“बॅटीला.”

पिचरनं बॉल टाकला. दस्तगीर वळला. कंबर अशी फिरली की त्याच्या धोतराचा सोगा सुटला. बॉल चुकलाच, पण बॅट हातातून सुटून साहेबांच्या मडमेच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळली. कोंबड्या सैरावैरा. मडम बाहेर. साहेब मात्र टाळ्या वाजवत होते.

“कंबर फिरली! मास्तर, कंबर फिरली!”

“सोडलीस कशाला रे?” मी ओरडलो.

“धोबीत सोडत्यातच की गड्याला!”

तेही खरंच. म्हणून दुरुस्ती केली: गड्याला सोडायचं नाही, त्याच्यासकट पूर्ण फिरायचं. पुढची अडचण अशी की धोबीत गडी वरून खाली येतो, त्यामुळे दस्तगीर बॉल जमिनीत गाडायला लागला. मग सांगितलं, खांद्यावरून नको, गड्याला कंबरेच्या उंचीनं आडवा फिरव. हे जमायला वेळ लागला. वेगळं काही नाही, रोज तेच. पिचरचा हात भरून आला की मी टाकायचो. हळूहळू त्याच्या मागच्या पायाखाली माती घासलेली दिसायला लागली. आणि एका सकाळी बॉल कुंपणाला लागला. बाभळीवरचे बगळे उडाले. दस्तगीर बॅटीकडे बघत राहिला. मी शिट्टी वाजवायला गेलो, पण तोंडातून फुंकर निघेना, इतका आनंद झाला होता.

मॅचच्या दिवशी मिरजेची टीम सकाळच्या गाडीनं आली. निम्मे त्यांत तिथल्या मिशनच्या दवाखान्यातले कंपाउंडर, हातानं चपळ. अंपायर आमचे साहेब, कारण नियम फक्त त्यांनाच माहीत. वस्ताद तालमीतली सगळी पोरं घेऊन लिंबाखाली बसले. दस्तगीरचे वडीलही होते, पण ते खेळाकडे बघत नव्हते. वस्तादांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

दस्तगीर त्या दिवशी घाबरला. पहिल्या खेपेला पाय पुन्हा रुतले आणि बॉल मांजर होऊन बसला. दुसऱ्या खेपेला तसंच. वस्तादांनी मांडीवर काढून ठेवलेला फेटा डोक्याला चढवला. म्हणजे निघायची तयारी.

शेवटची पाळी आली. आम्ही एका रननं मागं. दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की मॅच खल्लास. आमचा एक पोरगा दुसऱ्या बेसवर उभा. आणि मारायला दस्तगीर.

मी त्याच्याजवळ गेलो. सांगायचं खूप होतं. पण एवढंच म्हणालो, “गडी मोठा आहे. धोबीशिवाय पडायचा नाही.”

तो हसला. बॉल आला. मागचा पाय गर्रकन वळला, कंबर फिरली, हात शेवटी आले. ठाप् असा आवाज झाला आणि बॉल उजवीकडे नाही, डावीकडे नाही, सरळ मिरजकरांच्या डोक्यावरून निघाला. दुसऱ्या बेसवरचा पोरगा धावत सुरुवातीच्या जागी पोचला. बरोबरी झाली! दस्तगीर पहिल्या बेसला पोचला की ती पक्की. चालत गेला असता तरी पोचला असता.

पण दस्तगीर पहिल्या बेसकडे गेलाच नाही.

बॅट टाकून तो तडक उलट्या दिशेनं, लिंबाकडे पळत सुटला. मी शिट्टी वाजवली, पोरं ओरडली, साहेबांनी टोपी हलवली. कोण ऐकतोय? गडी चितपट केला की आधी वस्तादांचे पाय धरायचे, मग बाकीचं जग. त्यानं जाऊन वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेवढ्यात मिरजेच्या कंपाउंडरनं बॉल शोधून आणला आणि पहिल्या बेसवर नेऊन टेकवला.

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “दुःखाची गोष्ट आहे,” ते म्हणाले, “परंतु तू बाद आहेस. ती रनही धरता येत नाही.”

मॅच गेली. मिरजकर नाचायला लागले. दस्तगीरला काय झालं ते समजलं आणि तो जिथं होता तिथंच, वस्तादांच्या पायाशी, मटकन बसला.

वस्ताद उठले आणि मैदानात आले. “बाद? ह्येनं धोबी हाणली ती काय दिसली न्हाय तुमास्नी?”

“दिसली, वस्ताद,” मी म्हणालो. “पण मारल्यावर आधी त्या पोत्याला शिवायचं असतं.”

“आन् न्हाय शिवलं तर?”

“तर मारलेलं फुकट.”

वस्तादांनी पोत्याकडे बघितलं. मग पोराकडे. मग पुन्हा पोत्याकडे. मला वाटलं, आता हा माणूस पोराला मानगूट धरून घेऊन जाणार.

“आदी तकडं जाऊन मग माझ्याकडं आला आस्ता, तर चाललं आस्तं?”

“चाललं काय, पळालं असतं, वस्ताद. जिंकण्याची आशा तरी राहिली असती.”

त्यांनी दस्तगीरला दंडाला धरून उभा केला आणि पाठीत असा धपका घातला की बिचारा दोन पावलं पुढं गेला.

“ऐकलंस न्हवं? हाणायला शिकलास, पळायचं ऱ्हायलंय. अर्धं शिकून यितोस व्हय माझ्याकडं? पुरं झाल्याबिगार शाळा सोडलीस तर तंगडं मोडीन!”

वडिलांनी मान डोलवली. वस्तादांचा हुकूम झाला होता.

दस्तगीर पुढं मॅट्रिक झाला आणि रेल्वेत लागला. मी बरीच वर्षं पोरांना खेळ शिकवला, मॅचही पुष्कळ जिंकल्या. पण माझ्या शिकवण्यानं एखाद्या पोराचं भलं झालं असं मी छातीठोक सांगू शकतो, ते फक्त एकदाच, आणि तेही जेवढं शिकवायचं राहून गेलं त्याच्या जोरावर.