एअर फिल्टरमधल्या अक्षता

बाबांचा हात अक्षतांच्या बाबतीत भारी सढळ होता. भिक्षुकीचं काम, त्यात आवाज मोठा आणि मूठ त्याहून मोठी. लग्नात त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या कॉलरमधून घरी गेल्यावरही तांदूळ निघायचे. अमरावतीतल्या ज्या शोरूममधून मी मोटरसायकल घेतली, तिथे दसऱ्याला नव्या गाड्यांची पूजा सांगायला बाबाच बसत. माझ्या गाडीची पूजाही त्यांनीच केली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे हाताची घडी घालून, जरा तोंड वाकडं करून उभा होतो. बाबांनी संकल्पात माझं नाव घेतलं, गोत्र घेतलं आणि गाडीच्या चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडेही म्हटले.

ही त्यांची स्वतःची पद्धत. नव्या गाडीला त्या दिवशी नंबर मिळालेला नसतो. मग देवाला गाडी कळायची कशी, म्हणून चेसिसचे आकडे. यजमानाचं नाव, गाव, गोत्र आणि ते आकडे ते आधी एका वहीत उतरवून घेत आणि तिच्यातूनच वाचत. मी त्या वहीची यथेच्छ टिंगल केली आहे.

गाडी पाच महिन्यांची होती. पहिल्या दोन्ही सर्व्हिसिंग वेळेवर झालेल्या. एका रविवारी दुपारी बायकोला घेऊन तिच्या माहेराहून, अकोटहून निघालो होतो. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, साठच्या वेगात, इंजिनातून किर्र असा आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. क्लच दाबायचं मला सुचलं नाही. गाडी आडवी झाली, मी एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला. मागून एसटी येत होती. तिच्या ब्रेकचा आवाज मी रस्त्यावर पडल्या पडल्या ऐकला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा एसटीचं पुढचं चाक बायकोच्या हेल्मेटपासून हातभर लांब होतं. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, मला नुसतं खरचटलं.

तिसऱ्या दिवशी शोरूममध्ये बोलावणं आलं. कंपनीचा इंजिनिअर आला होता. पुण्याकडचा, स्वच्छ कपड्यांतला आणि स्वच्छ मराठीतला. पिस्टन जाम झाला, हे त्याने मान्य केलं. मग त्याने एक पांढरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर सात तांदूळ होते, कुंकवाने लाल झालेले.

"हे तुमच्या एअर फिल्टरच्या डब्यात सापडले, सर," तो म्हणाला. "बाहेरचा पदार्थ आत गेलेला आहे. वॉरंटीत हे बसत नाही."

मला राग यायला हवा होता त्याचा. तिथेच विचारायला हवं होतं, की डब्यात म्हणजे फिल्टरच्या कुठल्या बाजूला? आठवीच्या पोरांनाही मी गाळण कागदाचा प्रयोग करून दाखवतो. पण ते लाल तांदूळ मी ओळखले आणि डोकंच बंद पडलं. तीन दिवस झोप नव्हती, बायको प्लास्टरमध्ये, आणि समोर आमच्याच देवघरातल्या अक्षता. तसाच तणतणत घरी आलो. बाबा सुपारी कातरत बसले होते.

"तुमच्या अक्षता निघाल्या इंजिनातून," मी म्हणालो. "तुमच्या त्या मुठीनं परवा ही मेली असती."

बाबांचा अडकित्ता थांबला. त्यांनी विचारलं, "किती होत्या?"

"सात."

"सात," ते म्हणाले आणि सुपारी तशीच ठेवून आत गेले.

त्यानंतर ते कमी बोलायला लागले, पण ते मी अपघाताच्या धक्क्यावर ढकललं. बायकोच्या लक्षात मात्र दुसरंच आलं. शेजारच्या सत्यनारायणाहून परत येताना ती मला म्हणाली, "बाबाचा हात पायला का तुमी? दोनच दाणे घेऊन रायले ते. मोजून." पुढच्या पूजेला मी मुद्दाम पाहिलं. यजमानाला ते मूठभर देत होते. स्वतः मात्र चिमटीत दोन दाणे धरत होते, ते टाकताना नीट बघत होते आणि मग बोटं धोतराला पुसत होते. मला तिथे बसवेना.

अकोल्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, माझ्या पहिल्या गाडीपासूनचे. इंजिनिअरचा अहवाल आणि मोबाइलमधले फोटो घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तांदळाचा फोटो पाहिला, कपाटातून एक जुना फिल्टर काढला आणि माझ्यासमोर धरला.

"सर, तांदूळ या अंगाले," ते म्हणाले. "या अंगाहून त्या अंगाले धूळ जात नाई, तांदूळ काय जाते? अन् गेला असता तं वरच्या वाल्वले लागला असता. हे काम खालचं आहे. तेल वर चढलंच नाई. ऑइलची जाळी पायली का त्यायनं?"

तळाशी तेल गाळणाऱ्या त्या जाळीचा अहवालात उल्लेखच नव्हता.

"मग तुम्ही खोलून बघता का?"

"म्या हातबी नाई लावत. म्या खोललं का ते म्हनतीन मिस्त्रीनं बिघडवलं. त्यायच्याच हातानं खोलवा, चार मानसायसमोर."

एसटीने अमरावतीला येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. घरी येऊन बाबांसमोर बसलो आणि फिल्टरच्या दोन बाजू कागदावर काढून दाखवल्या. "अक्षतांचा काही संबंध नाही बाबा. मी उगाच बोललो. चुकलो."

त्यांनी कागद पाहून परत दिला. "मिस्त्री म्हणे, तू म्हणे. त्यायच्या अहवालात काय लिहेल आहे?"

अहवालात लिहिलेलं होतं, बिघाडाचं संभाव्य कारण तांदूळ. ती ओळ असेपर्यंत माझ्या माफीला काही किंमत नव्हती. त्या दिवसापासून मला इंजिन नको होतं, ती ओळ खोडून हवी होती.

मी शोरूमला लिहिलं, कंपनीला लिहिलं, ग्राहक आयोगात जाईन असंही लिहिलं. कंपनीच्या फोनवरची मुलगी दर वेळी नवी असायची आणि मी दर वेळी अपघात पहिल्यापासून सांगायचो. शेवटी शोरूमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. "सर, या मॉडेलची अशी एकही तक्रार आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "तुमची पहिलीच. आता तुम्हीच सांगा, गाडीत दोष असता तर एकट्या तुमच्याच गाडीत असता का?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

संध्याकाळी जेवताना मी हे बायकोला सांगत होतो. बाबा ताटावरून उठले, हात धुतला आणि आतून ती वही घेऊन आले.

त्या दसऱ्याला त्यांनी माझ्याच मॉडेलच्या सहा गाड्यांची पूजा केली होती. नाव, गाव, गोत्र आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे, सगळं ओळीने लिहिलेलं. माझ्यासकट पाच गाड्यांचे आकडे जवळजवळ लागून होते, म्हणजे कारखान्यातून त्या पाठोपाठ निघालेल्या. मी वही मोबाइलमध्ये टिपायला लागलो तर बाबांनी ती मिटली.

"हे यजमान माये आहेत. मीच जातो."

"बाबा, या उन्हात? फोन करू ना."

"फोनवर काय सांगू? का मी पूजा केली तुमच्या गाडीची, अन् आता बसू नका तिच्यावर?"

तीन दिवस ते एसटीने फिरले. तिवस्याच्या यजमानाची गाडी महिन्यापूर्वीच जाम झाली होती, घराजवळच, म्हणून तो वाचला. त्याला शोरूमने सांगितलं होतं, तुम्ही ऑइल बघत नाही. अकोटच्या यजमानाचीही गाडी तशीच जाम झाली होती, त्याला सांगितलं होतं, तुम्ही वजन जास्त घेता. दोघांनाही आपलीच चूक वाटली होती आणि दोघंही गप्प बसले होते. लगतच्या आकड्यांच्या बाकी दोघांना बाबांनी गाड्या उभ्या करायला लावल्या. एकाची बायको गरोदर होती आणि तो तिला रोज गाडीवर दवाखान्यात नेत होता. हे सांगताना बाबा वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून होते.

मग मी पुन्हा पत्र लिहिलं, तीन सह्यांचं. आठवड्याच्या आत पुण्याकडचा इंजिनिअर हजर झाला. मॅनेजर या वेळी फार गोड बोलत होता. त्याने सांगितलं, नवं इंजिन देतो, आजच. फक्त एका कागदावर सही करा, की कारण निश्चित सांगता येत नाही आणि तक्रार मिटली. पेन माझ्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू, मी थकलो होतो. कागद वाचायचा बहाणा करून मी बायकोकडे पाहिलं. तिचा हात अजून गळ्यातल्या पट्ट्यात होता.

"इंजिन तं देतीन ते," ती हळूच म्हणाली. "पण बाबाले काय सांगसान?"

मी पेन टेबलावर ठेवलं. "इंजिन खोला. आमच्यासमोर. खालची जाळी काढा."

मॅनेजर माझ्याकडे न बघता बाबांकडे वळला. "महाराज, तुम्ही तर आमच्या घरचे. दसऱ्याला पुन्हा आपल्याला सोबत बसायचं आहे. समजवा सरांना."

"या दसऱ्याले दुसरा मानूस पाहा," बाबा म्हणाले. "खोला."

बाबा, मी, बायको, तिवस्याचे आणि अकोटचे यजमान, असे आम्ही वर्कशॉपमध्ये उभे राहिलो. बोल्ट एकेक करून निघत होते. जाळी कोरी निघाली तर? मी बाबांकडे बघायचं टाळत होतो, कारण तसं झालं असतं तर त्या ओळीवर मीच शिक्का मारला असता. मेकॅनिकने जाळी बाहेर काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. तिच्या तोंडावर करड्या रंगाचा, रबरासारखा गोळा चिकटलेला होता. इंजिनाचे जोड बंद करायला कारखान्यात लावतात तो मसाला, जास्त लागलेला, सुटून आत पडलेला. मेकॅनिक सवयीने म्हणाला, "अरे, यानंच तेल अडलं." मग त्याने मॅनेजरकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसायला लागला. इंजिनिअरने चष्मा काढून पुसला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

पत्र यायला आणखी दोन महिने गेले. त्यात उत्पादनातला दोष असं स्पष्ट लिहिलं होतं, आधीचा अहवाल रद्द, आणि लगतच्या चेसिस आकड्यांच्या सगळ्या गाड्या तपासायला बोलावल्याचंही होतं. मी शाळेतून तडक घरी आलो आणि बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

"चला, सुटलो," मी म्हणालो. "तो इंजिनिअर काय म्हणाला होता ते आता विसरा."

"इंजिनिअरचं मले काई नाई रे," बाबा म्हणाले. "तो परका मानूस. तू म्हटलं तवा मले खरं वाटलं."

मी पत्राची घडी घालत राहिलो.

दसऱ्याला ते शोरूममध्ये गेले नाहीत. आमच्या अंगणात गाडी उभी होती, नव्या इंजिनाची. मी हाताची घडी न घालता शेजारी उभा राहिलो आणि बायकोने तबक धरलं. तिचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. बाबांनी संकल्प सांगितला, माझं नाव, गोत्र, ते चार आकडे, सगळं त्याच मोठ्या आवाजात. मग चिमटीत दोन दाणे घेतले आणि टाकीवर ठेवले.

"बाबा, मूठभर टाका ना," मी म्हणालो.

"नको बाप्पा. इंजिनात जातीन तुया."

बायको हसली. बाबाही हसले. मला हसू आलं नाही. बाबांनी उरलेल्या अक्षता परत डबीत भरल्या आणि झाकण लावलं.