शरयूमावशींच्या कोंबड्या

नाशिकला आईकडे सकाळचे पोहे खात होते तेव्हा मिठूदीचा फोन आला. कोलकात्याला, डमडमला आमच्या शेजारच्या घरात ती राहते आणि उगीच कधी फोन करत नाही. "शरयूदी आर नेई गो," ती म्हणाली. शरयूमावशी गेल्या होत्या, झोपेतच. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं पुढचं वाक्य टाकलं, "आर मुरगीगुलो किच्छु खाच्छे ना." म्हणजे कोंबड्या काही खात नाहीयेत. खरं सांगायचं तर पहिल्या वाक्यानं मी नुसती सुन्न झाले होते. रडू आलं ते दुसऱ्या वाक्याला... आणि आई माझ्याकडे बघत राहिली, की ही कोंबड्यांसाठी एवढी काय रडतेय.

शरयूमावशी आमच्या घरमालकीण. माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कोलकात्याला आलो तेव्हा ईशान दुसरीत होता आणि ओवी अजून शाळेतही जात नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मावशी भेटल्या आणि त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. त्यांचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. वडील इथेच वाढले आणि मावशींचा जन्म बागबाजारातला. "मराठ्यांच्या भीतीनं ह्या लोकांनी खंदक खणला ना, तो जिथून सुरू व्हायचा तिथेच मी जन्मले," असं त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायच्या. "खंदक बुजला आणि आम्ही आत आलो." लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. मराठी अगदी स्वच्छ, फक्त "चहा खाणार का?" असं विचारायच्या, कारण बंगालीत चहासुद्धा खातात. आणि प्रश्न! मी जन्मात इतकं प्रश्न विचारणारं माणूस पाहिलेलं नाही. पावाला बुरशी आली तरी तो टाकण्याआधी त्या भिंग शोधत.

कोंबड्यांचं प्रकरण रथयात्रेच्या जत्रेत सुरू झालं. नवरा मुलांना घेऊन पापड आणि जिलेबी खायला गेला आणि परत आला तो भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन. आत रंगात बुडवलेली तीन पिल्लं, एक गुलाबी, एक हिरवं, एक पिवळं. माझा पारा चढला. मावशींच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती, मासळी-मटण नाही. कोलकात्यात ही अट घालायला छाती लागते. मी खोका मागच्या गॅलरीत दडवला, पण चिवचिवाट कुठे दडवणार? दहा मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. आम्ही चौघं ओळीनं उभे, चोरी पकडल्यासारखे. मावशींनी चष्मा लावला, खोक्यावर वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना कान कुठे असतात?"

कोणालाच माहीत नव्हतं. ईशान म्हणाला, नसतातच. मावशींनी आयुष्यात प्रथमच कोंबडीचं पिल्लू हातात घेतलं, तेही असं की जणू आत्ताच्या आत्ता फुटेल. डोळ्याच्या मागे हलकी फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि खाली एक बारीकसं भोक दिसलं. "अगं बाई, आहे की!" त्या ओरडल्या. तो खोका संध्याकाळच्या आत त्यांच्या मागच्या पडवीत गेला आणि पुन्हा कधी वर आला नाही.

हिरवं आणि पिवळं पिल्लू त्याच आठवड्यात गेलं. मुलांनी त्यांना पेरूच्या झाडाखाली पुरलं. ओवी हमसून हमसून रडत होती आणि मी "देवबाप्पाकडे गेलं" वगैरे सुरू करणार होते. मावशींनी मला थांबवलं. "का गेलं ते मला माहीत नाही," त्या ओवीला म्हणाल्या, "पण आपण शोधू या." मग कळलं की ती गारठली होती. गुलाबीच्या खोक्यावर दिवा टांगला गेला आणि गुलाबी जगली. रंग उतरून पांढरी झाली, नाव मात्र तेच राहिलं. पुढे तिला तुरा फुटला आणि एका सकाळी गल्लीला जाग आणणारी बांग दिली, तेव्हा कळलं की गुलाबी हा कोंबडा आहे. समोरच्या घरातून कुरकुर आली, म्हणून मावशी रोज संध्याकाळी त्याच्यावर टोपली झाकायला लागल्या. टोपलीखालून बांग आणखी घुमून यायची. "म्हण तपासून बघितली," त्या मला गंभीरपणे म्हणाल्या. "कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच."

गुलाबी एकटा पडला म्हणून दोन कोंबड्या त्यांनी स्वतः जाऊन आणल्या, बराकपूरच्या बाजारातून, शियालदाच्या गाडीत मांडीवर टोपली घेऊन. वाटेत बायकांनी विचारलं, दिदी, झोल म्हणजे पातळ रस्सा करणार, की 'कशा' म्हणजे सुकं? "आमी निरामिष," असं त्यांनी सांगितल्यावर बायका एकदा टोपलीकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या म्हणे. थोरली आणि धाकटी अशी त्यांची नावं पडली. अंडी मिठूदीच्या घरी जायची. पण पहिलं अंडं ओवीनं पेंढ्यातून उचलून मावशींच्या हातात ठेवलं तो क्षण मला विसरता येत नाही. त्यांनी ते तळहातावर घेतलं, मग गालाला लावलं. "हे गरम असतं?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, मला कोणी सांगितलंच नाही." पंचाहत्तरी उलटलेली बाई नवं काही कळल्यावर इतकी उजळते, हे मी तेव्हा पाहिलं. आमच्या वयाला तसं उजळायला जमत नाही.

मग हाकेचा प्रश्न आला. मिठूदी कुंपणावरून "आय आय, ती ती ती" अशी हाक मारायची आणि कोंबड्या तिच्याकडे धावायच्या. मावशींना ते पटेना. मुलांचं मराठी तोवर घसरत चाललं होतं. "थोरलीने राग केलाय" असं ओवी सरळ बंगाली वाक्य मराठीत घालून बोलायची. म्हणून मावशींनी नियम केला होता की अंगणात मराठीच बोलायचं, कोंबड्यांना दुसरं कळत नाही. आता त्याच कोंबड्या बंगाली हाकेला येतात म्हटल्यावर नियमाची शोभा झाली. पण मराठीत कोंबडीला हाक कशी मारतात? मावशी म्हणाल्या, तुला माहीत असेल, तू तिकडची. मला कुठलं माहीत! आमच्या घरी कोणी कधी कोंबडी पाळली होती? मी आईला फोन केला, ती म्हणाली, "काहीतरीच काय विचारतेस?" पुण्याला मावशींची भाची मंजिरी असते, तिनं ऑफिसातल्या कोकणातल्या बाईला विचारून "बो बो" असं कळवलं, घाटावरचा कोणी दुसरंच सांगत होता. मावशींनी पडवीच्या पायरीवर उभं राहून सगळ्या हाका एकेक करून मारून पाहिल्या. कोंबड्या मान वाकडी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघायच्या आणि पुन्हा माती उकरायला लागायच्या.

शेवटी कंटाळून, पदराला हात पुसत, त्या सवयीनं म्हणाल्या, "या, बसा." दारात कोणी आलं की म्हणायच्या अगदी तसं. आणि तिघंही आले! थोरली तर पायरीशी येऊन खरंच बसली. त्या दिवसापासून डमडमच्या त्या अंगणात कोंबड्यांना पाहुण्यासारखं बोलावलं जाऊ लागलं. पुण्यामुंबईच्या कोणाला सांगितलं तर हसतील, पण ती आमच्या घरची रीत झाली.

त्यावरून वाद मात्र मिटला नाही. ईशानचं म्हणणं, कोंबड्यांना शब्दबिब्द काही कळत नाही, त्या दाण्यांच्या स्टीलच्या वाटीला येतात. ओवीचं म्हणणं, आजीच्या (मुलं मावशींना आजी म्हणायची) आवाजाला येतात, कारण आम्ही हाक मारली तर कधी येतात, कधी येत नाहीत. मावशी म्हणायच्या, तसं नाही. "तुम्ही हुकूम सोडल्यासारखं ओरडता. पाहुण्याला म्हणतात तसं म्हणा. मनापासून." मग प्रयोग व्हायचे. वाटी लपवून हाक, हाक न मारता वाटी, ओवीनं आजीचा आवाज काढून... दर वेळी निकाल वेगळा. एकदा मावशींचं म्हणणं जिंकल्यासारखं झालं तेव्हा मुलं हिरमुसली, तर त्यांनीच अडवलं. "एकदा झालं तर तो योगायोग," त्या म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा झालं तर ती गोष्ट खरी." गणिताच्या बाईला स्वतःच्या बाजूनंही ढिलाई चालत नव्हती.

नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला खाली गेले. पडवीत बसून त्या धाकटीचे पंख उलगडून बघत होत्या. अलीकडे त्यांना दम लागायचा, डॉक्टरांनी औषध वाढवलं होतं. कोंबड्याही आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, अंडी जवळजवळ बंद होती आणि मिठूदीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे सुचवत होते की आता ह्यांचं काय ते करून टाका. मावशींनी ओवीला शब्द दिला होता, ह्यातलं कोणी ताटात जाणार नाही. त्या मला म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्या कोणाच्या हाकेला येतील गं?" मी म्हटलं, असं काय बोलता. त्या हसल्या. "अगं, रडगाणं नाही गात. ते बघायला मी नसेन, एवढंच वाईट वाटतं." तीच आमची शेवटची भेट.

आम्ही परतलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मंजिरी पुण्याहून आली होती. रात्रंदिवस रडून आणि प्रवासाच्या सर्दीनं तिचा घसा पार बसला होता. कोंबड्या खुराड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या. मिठूदीची "आय आय" त्यांना ऐकू येत नसल्यासारखी. मुलांनी वाटी वाजवली, हाका मारल्या, काही उपयोग नाही. मंजिरीची नोकरी पुण्याला, घर बंद होणार, आमच्या बदलीचाही नेम नाही. तिनं बाजारातल्या एका माणसाला सांगून ठेवलं होतं, तो येऊन घेऊन जाणार होता. कशासाठी, ते कोणी उच्चारलं नाही. ओवीला न सांगता ते कळलं. ती जेवली नाही आणि माझ्याशी बोललीही नाही. मी मंजिरीला काय बोलणार? तिची आई लहानपणी गेली, तिला मावशींनीच सुट्ट्यांत वाढवलं. तिच्यावर आधीच डोंगर कोसळला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोक भेटायला आले. खालच्या खोलीत सतरंजी, मावशींच्या फोटोला मिठूदीनं आणलेला रजनीगंधाचा हार. मंजिरी दारात उभी. पहिले आले ते मंडळातले जोशीकाका आणि ती पटकन म्हणाली, "या, बसा." काका थबकले. "अगं, अशा वेळी घरात 'या' म्हणू नये," ते हळूच म्हणाले. "चुकलं, काका. सवयीनं गेलं. मावशी म्हणायची ना..." ती तिच्या घोगऱ्या आवाजात पुटपुटली. पण पाठोपाठ मावशींच्या शाळेतल्या एक वृद्ध बाई काठी टेकत आल्या. मंजिरी पुढे झाली, त्यांचा हात धरला आणि पुन्हा तिच्या तोंडून तेच गेलं, "या, बसा."

मागच्या पडवीकडून, स्वयंपाकघरातून नखांचा टकटक आवाज आला. आधी थोरली, मागून धाकटी, शेवटी गुलाबी. सतरंजीवरून, बसलेल्या लोकांच्या मधून, ते तिघं थेट मंजिरीच्या पायाशी आले आणि मान वाकडी करून वर बघू लागले. मग थोरली खाली बसली. पहिल्यांदा मिठूदीला हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं तिचं रडू झालं. जोशीकाकांनी पाय आखडून गुलाबीला जागा करून दिली.

"वाटी नव्हती," ईशान माझ्या कानात म्हणाला. "आजीचा आवाज पण नव्हता," ओवी म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मंजिरीला काही कळेना, म्हणून मी तिला तिथेच, त्या बसलेल्या मंडळींदेखत, प्रयोगाची सगळी हकिगत सांगितली. ती ऐकत राहिली. ओवी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजीचं बरोबर असेल. पण एकदा झालं तर योगायोग असतो. परत करून बघायला पाहिजे ना? आणि ह्या गेल्या तर कशावर बघणार?" मंजिरीनं तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे. ती वळून आत गेली. बाजारच्या माणसाला फोनवर "आशबेन ना" असं सांगताना ऐकू आलं, येऊ नका म्हणून. बाहेर आली ती मूठभर कणी घेऊन. कोंबड्यांनी तिच्या हातातून खाल्लं.

ह्याला आता काही आठवडे झाले. मंजिरी लगेच पुण्याला गेली, खालच्या घराची किल्ली आमच्याकडे आहे. आमची बदली झालीच तर सोय हवी म्हणून मिठूदी कुंपणाशी उभी राहून "इया, बोशा" असा सराव करते. मावशींची स्टीलची वाटी पडवीच्या कोनाड्यात पालथी आहे. ओवीच्या हुकमावरून तिला हात लावायचा नाही. दाणे जमिनीवर टाकायचे, तेही हाकेनंतर. हाक मारायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज म्हणायचे आणि रोज मान वाकडी करून ते तिघं लांबूनच मला न्याहाळायचे. अखेर मी दाणे टाकून निघून जायचे, मग त्यांचे ते खायचे. मला वाटायचं, मनापासून म्हणजे आणखी किती?

काल ऑफिसातून आले ती थेट मागे गेले. थकले होते, चप्पलही काढली नव्हती. मावशींच्या पायरीवर बसले. अंगणात कोणी नव्हतं, घर बंद, आणि एकदम फार एकटं वाटलं... कोणीतरी येऊन शेजारी बसावं असं. "या, बसा," मी म्हटलं. ते आले. थोरली माझ्या पायाशी बसली, अंग फुगवून, डोळे मिटून. मी हलले नाही. मागे जिन्यावर ओवी उभी होती, ते मला तिचा आवाज आला तेव्हा कळलं.

"आई," ती म्हणाली, "आता दोनदा झालं."